आईच्या थडग्यावरचं झाड

सात वर्षांचा एक मुलगा आजारी पडतो आणि जातो. आई रात्रंदिवस रडत बसते. पुरल्यानंतर थोड्याच दिवसांत मुलगा रात्री घरात दिसू लागतो, जिथे तो बसायचा, खेळायचा त्याच जागी. आई रडली की तोही रडतो, उजाडलं की नाहीसा होतो. मग एका रात्री तो पुरताना घातलेला पांढरा सदरा अंगात असतानाच येतो, आईच्या पायाशी पलंगावर बसतो आणि सांगतो की आता रडणं थांबव, तुझ्या आसवांनी माझा सदरा भिजलाय, तो वाळत नाही आणि मला झोप लागत नाही. आई दचकते, डोळे पुसते. दुसऱ्या रात्री तो हातात लहानसा दिवा घेऊन येतो. सदरा वाळत आलेला असतो. त्यानंतर तो कधीच येत नाही.

गोष्ट एवढीच. छापलं तर पानभरसुद्धा होत नाही. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या जर्मन भावांच्या संग्रहाच्या दुसऱ्या खंडात ती १८१५ साली आली, आणि त्या संग्रहाच्या नावातच ‘मुलांच्या आणि घरातल्या गोष्टी’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे ही गोष्ट मुलांना मांडीवर घेऊन सांगायची होती.

हे आठवायचं कारण असं की गेली काही दशकं इंग्रजीत ‘मोठ्यांसाठीच्या काळ्या परीकथा’ असा एक प्रकारच तयार झालाय. सिंड्रेला, हिमगौरी, लाल टोपीवाली मुलगी, सगळ्या जुन्या गोष्टी नव्याने सांगायच्या. त्यात मृत्यू आणायचा, रक्त आणायचं, वयात येण्याची भीती आणायची. त्यांच्याबद्दल बोलताना हमखास म्हटलं जातं की निरागस गोष्टी या लेखकांनी अंधाऱ्या केल्या. मला हे पटत नाही. अंधार तिथे आधीपासून होता. नव्या लेखकांनी आणलं ते दुसरंच काहीतरी, आणि ते अंधारापेक्षा अवघड आहे.

आधी जुन्या अंधाराबद्दल. ग्रिम भावंडं नऊ जन्मली, त्यातली तीन तान्हेपणीच गेली. वडील १७९६ साली गेले तेव्हा थोरला याकोब अकरा वर्षांचा होता. आई १८०८ साली गेली. गोष्टी गोळा करायला त्यांनी सुरुवात केली ती याच सुमाराला. पुढे विल्हेल्मने डोरोथेआ विल्ड हिच्याशी लग्न केलं, आणि या डोरोथेआने लग्नापूर्वी त्याला कितीतरी गोष्टी सांगितल्या होत्या. त्यांचं पहिलं मूल १८२६ साली जन्मलं आणि त्याच वर्षी दगावलं. भिजलेल्या सदऱ्याची गोष्ट छापून तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

या लोकांना मृत्यू गोष्टीत मुद्दाम आणावा लागत नव्हता, तो घरातच राहत होता. परीकथांमध्ये सावत्र आया इतक्या का, या प्रश्नाचं एक साधं उत्तर मरिना वॉर्नर या अभ्यासक बाईंनी १९९४च्या आपल्या ग्रंथात दिलंय: बाळंतपणात बायका मरत होत्या, पुरुष पुन्हा लग्नं करत होते, आणि घरात दोन आयांची मुलं एकाच ताटातल्या घासासाठी भांडत होती. आपल्या श्रावणातल्या कहाण्यांत राजाला आवडती आणि नावडती अशा दोन राण्या असतात. तिथे सवत आहे, इथे सावत्र आई. घर तेच, फक्त भांडणाची जागा वेगळी.

पण ग्रिमच्या सगळ्याच सावत्र आया मुळात सावत्र नव्हत्या. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून यायला सांगणारी बाईही आधी सख्खीच होती. तिला सावत्र व्हायला १८४० उजाडलं. विल्हेल्म आवृत्तीमागून आवृत्ती हात फिरवत होता. मुलांनी खाटकाचा खेळ खेळता खेळता एका मुलाला खरंच कापलं, अशी एक गोष्ट पहिल्या आवृत्तीत होती. ती पुढच्या आवृत्तीत काढूनच टाकली. १८५७च्या सातव्या आवृत्तीपर्यंत गोष्टी दोनशेवर गेल्या आणि आपण आज ज्याला ‘ग्रिमच्या परीकथा’ म्हणतो ते रूप ठरलं. (त्यात परी मात्र जवळजवळ शोधूनही सापडत नाही. मराठीत हा शब्द रुळलाय म्हणून वापरायचा.) आईला सावत्र करण्यातली सोय लक्षात घ्या: आईचा राग, आईची असूया, आईने टाकून देणं हे सगळं एका परक्या बाईच्या माथी मारता येतं आणि खरी आई मरून स्वच्छ राहते. नव्या लेखकांनी पुढे नेमकी हीच सोय काढून घेतली.

मेलेली आई स्वच्छ राहते आणि बहुतेक वेळा झाड होते. ग्रिमच्या सिंड्रेलाला जादूची म्हातारी भेटत नाही, भोपळ्याची गाडीही मिळत नाही; ते सगळं शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७च्या पुस्तकातलं. जर्मन सिंड्रेला बापाकडे हेझलची एक डहाळी मागते, ती आईच्या थडग्यावर लावते आणि इतकी रडते की आसवांच्या पाण्यावरच ती डहाळी जगते, वाढते. त्या झाडावर येणारा पक्षी तिला कपडे देतो.

हेच झाड दख्खनच्या एका गोष्टीतही आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रियर १८६५-६६च्या हिवाळ्यात दख्खनच्या दौऱ्यावर होते, सोबत मुलगी मेरी होती. वेळ जाईना म्हणून मेरीने आपल्या आयाला गोष्टी सांगायला लावल्या आणि त्या उतरवून घेतल्या. आयाचं नाव ॲना लिबेराता डिसोझा. घराणं गोव्यात येऊन ख्रिस्ती झालेलं. नवरा वारल्यावर दोन मुलांसाठी बाईने आयाची नोकरी धरलेली. गोष्टी तिने आजीकडून ऐकल्या होत्या. १८६८ साली लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने त्या छापल्या गेल्या. पुस्तकातल्या ‘पंचकिन’ या गोष्टीत एका राजाच्या सात मुली आहेत. राणी मरते, राजा प्रधानाच्या विधवेशी लग्न करतो आणि ती मुलींना उपाशी ठेवते. मुली रोज आईच्या थडग्यापाशी जाऊन रडतात. एक दिवस थडग्यातून पपनसाचं झाड उगवतं, पिकल्या फळांनी लगडलेलं. मुली पोटभर खातात. सावत्र आईला सुगावा लागतो, आजारपणाचं सोंग करून ती झाड तोडायला लावते. मग शेजारचं टाकं सायीसारख्या खाण्याने भरतं. तेही ती बुजवते, थडगंही पाडते. शेवटी राजा मुलींना जंगलात नेऊन सोडतो.

हेझलच्या झाडापाशी जर्मन मुलीला सोन्यारुप्याचे कपडे मिळतात आणि पपनसाच्या झाडापाशी आपल्याकडच्या मुलींना खायला मिळतं. ॲनाच्या आजीला भुकेची जास्त माहिती असावी.

ज्युनिपरच्या झाडाची गोष्ट या सगळ्यांत भयंकर आहे. फिलिप ओटो रुंगे या चित्रकाराने ती बोलीभाषेत लिहून ठेवली आणि ती ग्रिम भावांच्या संग्रहात गेली. मूल झाल्याच्या आनंदानेच आई मरते, तिला ज्युनिपरखाली पुरतात. सफरचंद घ्यायला वाकलेल्या मुलाच्या मानेवर सावत्र आई पेटीचं झाकण आदळते, मुंडकं तुटतं. मग ते धडावर ठेवून, रुमाल गुंडाळून ती त्याला दाराशी बसवते आणि आपल्या पोटच्या मुलीकडून त्याला थप्पड मारवते, म्हणजे मुंडकं आपल्या हातून पडलं असं त्या पोरीला वाटावं. मुलाचं कालवण होतं. बाप ते चवीने खातो. बहीण रडत रडत हाडं गोळा करून झाडाखाली ठेवते, त्यातून पक्षी उडतो, गाणं गात सगळ्यांना खरं काय ते सांगतो आणि अखेर सावत्र आईच्या डोक्यावर जात्याची तळी टाकतो. मुलगा परत येतो. बाप, मुलगा आणि मुलगी घरात जातात आणि जेवायला बसतात.

जेवायला बसतात! त्या टेबलावर काही वेळापूर्वी काय वाढलं होतं हे आठवून आपल्या पोटात ढवळतं, त्यांच्या नाही. स्विस अभ्यासक मॅक्स ल्युथी याने १९४७ साली लोककथेच्या घडणीवर एक लहानसं पुस्तक लिहिलं, त्यात याचं उत्तर आहे. लोककथेतल्या माणसांना खोली नसते, ती कागदातून कापून काढल्यासारखी सपाट असतात, असं त्याचं म्हणणं. त्यांना आतलं मन नसतं, आठवण छळत नाही, जखम ठणकत नाही. भावना असेल तर ती वस्तू होऊन येते किंवा कृती होऊन. सिंड्रेलाला आईची आठवण किती येते हे गोष्ट सांगत नाही, ती दिवसातून तीनदा थडग्यावर जाते एवढं सांगते. बहिणीचा अपराधीपणा म्हणजे रुमालात बांधलेली हाडं. आईचा न संपणारा शोक म्हणजे न वाळणारा सदरा.

ल्युथीने हा दोष म्हणून सांगितलेला नाही, आणि तो दोष नाहीच. ज्याचं मूल परवा गेलंय त्याला मनाचं विश्लेषण सोसत नाही, ओला सदरा कळतो. पण मग नव्याने सांगणाऱ्याला काय करायचं उरतं? त्या सपाट माणसांना मन द्यायचं. मन दिलं की गोष्टीचं सगळं गणित बिघडतं. नवं लेखन चांगलं असेल तर ते या बिघडण्यापासून सुरू होतं.

बार्बरा कॉमिन्स या इंग्लिश लेखिकेने १९८५ साली हीच ज्युनिपरची गोष्ट घेतली, तेच नाव ठेवलं आणि सांगायचं काम सावत्र आईकडे दिलं. बेला ही चेहऱ्यावर व्रण असलेली, लहान मुलीला एकटीने वाढवणारी बाई. लंडनजवळच्या एका सुखवस्तू जोडप्याशी तिची मैत्री होते. त्यांच्या बागेत ज्युनिपर आहे. मैत्रीण बाळंतपणात जाते, बेला तिच्या नवऱ्याशी लग्न करते, तिच्या मुलाला सांभाळते. मूळ गोष्ट माहीत असलेला वाचक इथून पुढे श्वास रोखून वाचतो, कारण पेटी कुठे आहे ते त्याला माहीत आहे. आणि पेटीचं झाकण पडतंच. पण हा अपघात आहे. भेदरलेली बेला मुलाला झाडाखाली पुरते आणि तिचं डोकं ठिकाणावर राहत नाही. कॉमिन्सने रक्त कमी केलंय, जुन्या गोष्टीच्या मानाने तर फारच कमी. तरी वाचताना ते सोसत नाही, कारण राग काढायला कुणी उरत नाही. जात्याची तळी टाकायची कुणाच्या डोक्यावर?

अँजेला कार्टरचं नाव या विषयात सगळ्यात आधी घेतात, ‘द ब्लडी चेंबर’ (१९७९) या तिच्या दहा कथांच्या संग्रहामुळे. त्याच्या दोन वर्षं आधी तिने पेरोच्या गोष्टींचं भाषांतर केलं होतं, म्हणजे मोडण्याआधी तिने यंत्र खोलून पाहिलं होतं. मुलगी वयात येते तेव्हा तिच्या वाट्याला भीती आणि कुतूहल एकदमच येतात, हे त्या कथांमध्ये जनावरांच्या कातड्याआडून येतं. पण शोकाच्या बाजूने बघायचं तर मला तिची सिंड्रेला जास्त मोठी वाटते. कार्टर १९९२ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी गेली. पुढच्या वर्षी निघालेल्या पुस्तकात सिंड्रेलाची गोष्ट तिने तीनदा, तीन तऱ्हांनी सांगितलीय, आणि तिन्हींत मुख्य पात्र मेलेल्या आईचं भूत आहे. एका गोष्टीत हे भूत गाय होऊन दूध पाजतं, मांजर होऊन केस विंचरतं, पक्षी होऊन स्वतःचं रक्त सांडून कपडे देतं, आणि दर वेळी ते जनावर थकून जातं. तिसऱ्या गोष्टीत आई थडग्यातून येते, मुलीला सजवते आणि स्वतःच्या शवपेटीत पाय ठेवायला सांगते. मुलगी कचरते. आई म्हणते, तुझ्या वयाची असताना मीही माझ्या आईच्या पेटीत शिरले होते. मुलगी आत जाते, पेटीची गाडी होते, घोडे जुंपले जातात आणि आई तिला नशीब काढायला धाडते.

मोठं होणं म्हणजे आईच्या शवपेटीत शिरणं आणि तीच गाडी करून निघून जाणं. हे फक्त दीडेक पानात आहे.

पॅट्रिक नेसच्या ‘अ मॉन्स्टर कॉल्स’मध्ये झाड आहे पण जुनी गोष्ट नाही, नेसने जुन्या गोष्टींचे नियम घेतले आणि स्वतःच्या रचल्या. या कादंबरीची कल्पना मुळात शिव्हॉन डाउड या लेखिकेची. स्तनाच्या कर्करोगाने ती २००७ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली तेव्हा तिच्यापाशी पात्रं होती, सुरुवात होती, पुस्तक नव्हतं. ते नेसने लिहिलं, जिम के याने चित्रं काढली, २०११ साली ते निघालं आणि पुढच्या वर्षी लेखनाचं कार्नेगी आणि चित्रांचं केट ग्रीनअवे अशी ब्रिटनची दोन्ही पदकं घेऊन गेलं. दोन्ही एकाच पुस्तकाला मिळण्याची ती पहिली वेळ.

तेरा वर्षांच्या कॉनरची आई कर्करोगाने चालली आहे. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी चर्चच्या दफनभूमीतलं यूचं झाड राक्षस होऊन त्याच्या खिडकीशी येतं. मी तीन गोष्टी सांगीन, म्हणतं, चौथी तू सांगायची आणि ती खरी असली पाहिजे. राक्षसाच्या पहिल्याच गोष्टीत एक सावत्र राणी आहे, चेटकीण आहे, तिच्यावर खुनाचा आळ आहे. गाव तिला जाळायला निघतं आणि राक्षस तिला उचलून वाचवतो, कारण ती वाईट असली तरी खून तिने केलेला नाही. तो देखण्या, लोकांच्या लाडक्या राजपुत्राने केलाय. कॉनरला भयंकर राग येतो. गोष्टी अशा नसतात, हे त्याला माहीत आहे.

यूचं झाड नेसने उगीच निवडलेलं नाही. इंग्लंडच्या जुन्या दफनभूमींत हे झाड असतंच, आणि कर्करोगावरचं एक महत्त्वाचं औषध याच कुळातल्या अमेरिकी झाडाच्या सालीतून निघालं. टॅक्सॉल हे त्याचं नाव. त्याच्या रेणूची रचना १९७१ साली जगापुढे मांडणाऱ्यांत मन्रो वॉल यांच्या जोडीला मनसुख वाणी होते, आपल्या नंदुरबारला जन्मलेले. कादंबरीत कॉनरच्या आईला शेवटचं औषध यूचंच दिलं जातं आणि मुलाला वाटतं, झाड त्यासाठीच आलं. त्यासाठी आलेलं नसतं.

चौथी गोष्ट कॉनरला सांगावीच लागते. त्याच्या रोजच्या स्वप्नात आई कड्यावरून खाली चाललेली असते, त्याने तिचा हात धरलेला असतो आणि तो हात सुटतो. खरी गोष्ट ही, की सुटत नाही, तो सोडतो. आई जावी असं त्याला वाटत नव्हतं, पण हे एकदाचं संपावं असं वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी. ज्यांनी घरात लांबलेलं आजारपण पाहिलंय त्यांना हे वाक्य ठाऊक असतं आणि ते कुणी उच्चारत नाही. ग्रिमच्या संग्रहात ते नाही. आपल्या कहाण्यांत तर नाहीच.

आपल्याकडे दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळा शिवला नाही की माणसं पुढे होऊन मोठ्याने बोलू लागतात: धाकटीचं लग्न करून देऊ, म्हातारीला अंतर देणार नाही. घाटावर इतक्या लोकांदेखत, एरवी कधी न बोललेलं, एका पक्ष्याला ऐकू जावं म्हणून बोललं जातं. राक्षस कॉनरकडून जे वदवतो ते याच्या फार लांब नाही. फरक एवढाच, की घाटावर आपण मेलेल्याला वचन देतो आणि कॉनर जिवंत आईच्या उशाशी स्वतःचा गुन्हा कबूल करतो.

झाडांची ही रांग गिलेर्मो देल तोरोच्या ‘पिनोकिओ’ चित्रपटापर्यंत येते (२०२२, ॲनिमेशनपटाचं ऑस्कर). कार्लो कोलोदीची मूळ गोष्ट १८८१पासून इटलीतल्या एका मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः येत होती आणि लेखकाने पंधराव्या प्रकरणात बाहुल्याला फासावर लटकवून ती संपवलीही होती. लोकांनी ओरड केली म्हणून पुढे चालवली. देल तोरोने त्या गोष्टीला एक मेलेला मुलगा दिला. सुतार जेपेत्तोचा कार्लो पहिल्या महायुद्धातल्या बॉम्बने जातो. त्याच्या थडग्याशी लावलेल्या बीचं पाइनचं झाड होतं, आणि एका रात्री दारूच्या भरात, देवाला शिव्या देत जेपेत्तो तेच झाड तोडून त्याचा बाहुला करतो. सिंड्रेलाने आसवं घालून वाढवलेल्या झाडावर इथे कुऱ्हाड पडते, आणि ती सावत्र आईची नाही, शोकाने वेड्या झालेल्या बापाची. मग त्याला सगळा चित्रपटभर शिकावं लागतं की हा कार्लो नाही. मुलगा मात्र त्याच्याही पुढे जातो. पिनोकिओ शेवटी म्हाताऱ्या बापाला निरोप देणारा उरतो.

आता या प्रकारात जे ढिगाने निघतं त्याबद्दलही बोललं पाहिजे. काळं मुखपृष्ठ, काटेरी वेली, डोळे पांढरे झालेली हिमगौरी. त्यातलं बरंचसं म्हणजे जुन्या वाड्याला नुसता काळा रंग. ओळखायची खूण सोपी आहे: गोष्टीतली जुनी सोय लेखकाने मोडली की तशीच ठेवून वर रक्त शिंपडलं? सावत्र आई अजून नुसतीच दुष्ट असेल आणि मेलेली आई अजून नुसतीच देवी असेल, तर ते पुस्तक मुलांचंच आहे, फक्त मुलांना देता येत नाही.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. जी. ए. कुलकर्णींनी बायकोला परत आणायला मृतांच्या जगात उतरलेल्या गायकाची ग्रीक कथा घेऊन ‘ऑर्फियस’ लिहिली, ती ‘पिंगळावेळ’मध्ये १९७७ सालीच आली. इंग्रजीत कार्टरचा संग्रह यायला तेव्हा दोन वर्षं होती. पण जी.एं.नी ग्रीसकडे पाहिलं. ॲना आयाचं पपनस आपल्याकडेच आहे, दीडशे वर्षांहून अधिक काळ. सात बहिणींतल्या धाकटीचं नाव बालना, आणि सगळ्यांत हुशार तीच. बापाने जंगलात सोडलं तेव्हा तिला काय वाटलं, आणि आई झाड होऊन आली पण पुन्हा तोडली गेली तेव्हा काय वाटलं, हे गोष्ट विचारत नाही. कुणा मराठी लेखिकेने ते विचारावं. सुरुवात पपनसापासून करावी, आणि सावत्र आईलाही बोलू द्यावं.